देवीच्या तळपायाची लाली

लाखेचं पहिलं पाणी फेकून द्यायचं असतं. हे मला कुठल्या कलाशाळेत कळलं नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारात, पळसाच्या पानांवर लाखेच्या काड्या मांडून बसलेल्या एका आजींनी ते सांगितलं. मी तेव्हा तिकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. रंगपेट्या सगळ्याच मुलांना परवडत नसत, म्हणून रानातूनच रंग काढून पाहावेत असं मनात होतं. काड्या आणल्या, लाख खरवडली, कुटली, पाण्यात भिजत घातली. पाणी गढूळ, तपकिरी झालं आणि वर किड्यांची टरफलं तरंगायला लागली. पुढच्या बाजाराला जाऊन आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “पहिलं पाणी फेका, गुरुजी. लाली दुसऱ्या पाण्यात रायते.”

तसंच झालं. रात्रभर मुरलेल्या दुसऱ्या पाण्याला रंग चढला. चिमूटभर पापडखार टाकला तर तो जांभळ्याकडे झुकला आणि तुरटीचा खडा फिरवताच पुन्हा उजळला. फडक्यातून गाळून, मंद आचेवर आटवून त्यात धावड्याचा डिंक मिसळला, तेव्हा चिनी मातीच्या एका वाटीच्या तळाशी बोटभर दाट लाल रंग जमला. शेरभर काड्यांमधून एवढाच. वर्गातल्या चाळीस मुलांनी ती वाटी हातोहात फिरवून पाहिली.

पुढे पारंपरिक चित्रांवरचं वाचताना कळलं, की राजस्थानातले लघुचित्रकार चित्रावरच्या शेवटच्या हाताला ‘मोती-महावर’ म्हणतात. चित्र पूर्ण होत आलं, चेहरा उघडला, वस्त्रांच्या किनारी काढून झाल्या, की अगदी शेवटी दोन कामं उरतात. दागिन्यांतले मोती जाड पांढऱ्या ठिपक्यांनी उठवायचे, आणि हातापायांवर महावर म्हणजे आपला अळता भरायचा. अळता लाखेचा. म्हणजे देवीचं चित्र पुरं होतं ते तिच्या तळपायावर लाख चढते तेव्हा.

या पुस्तकातली चित्रं पाहताना वाचकानं, निदान पहिल्या खेपेला, वरून खाली न येता खालून वर जावं असं मला वाटतं. आधी पाय पाहावेत. शस्त्रं, मुकुट, सिंह हे सगळं आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. पण ते पाऊल ज्या रंगानं लाल झालं आहे, तो रंग पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या फांदीवर बसणाऱ्या किड्याच्या अंगातला आहे. पळस-बोरीवरची लाख ती ‘रंगीनी’ आणि कुसुमावरची ‘कुसुमी’, ही नावं लाख गोळा करणाऱ्यांच्या तोंडी आजही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांतले कृत्रिम रंग आले आणि लाखेच्या लालीचा व्यापार बसला. राळ तेवढी विकाऊ उरली आणि लाल पाणी वाया जाऊ लागलं. आमच्या शाळेतल्या पुष्कळ मुलांच्या घरी लाख होती. तिच्यात रंग असतो हे फार थोड्यांना माहीत होतं.

हे पुस्तक देवीमाहात्म्याच्या चित्रांचं आहे. ज्याला आपण दुर्गासप्तशती म्हणतो, नवरात्रात घरोघर जिचे पाठ होतात, त्या तेरा अध्यायांच्या पोथीवर भारतभरच्या चित्रकारांनी कागदावर, पाण्यात कालवलेल्या रंगांनी जे काम केलं, त्याची ओळख इथे मराठी वाचकाला करून दिली आहे. प्रस्तावना लिहायला मला सांगितलं गेलं ते मी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा म्हणून. आरंभी मला प्रश्न पडला, की बसोहली-गुलेरच्या डोंगरांत आणि जोधपूरच्या वाळवंटात घडलेल्या या चित्रांबद्दल झाडीपट्टीतल्या माणसानं काय सांगावं? आमच्याकडे देवी भेटते ती दगडात, शेंदरात, मातीत. पण लिहायला बसलो आणि उलटंच झालं. एकेक धागा ओढावा आणि त्याचं दुसरं टोक वैनगंगेच्या काठी निघावं.

पहिला धागा पोथीचाच. देवीमाहात्म्य हा मार्कंडेय पुराणाचा भाग, त्यातले अध्याय 81 ते 93. सांगणारा मार्कंडेय. आणि चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जिथे वळून उत्तरेकडे वाहू लागते त्या वळणावर, मार्कंडादेवच्या देवळांचा समूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात इथे आला आणि त्यानं या देवळांची सविस्तर नोंद केली. लोक या जागेला विदर्भाची काशी म्हणतात आणि महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. देऊळ शिवाचं आहे, यमाच्या पाशातून सुटलेल्या पोराच्या, म्हणजे मार्कंडेयाच्याच, गोष्टीचं आहे. इथे बसून मार्कंडेयानं सप्तशती सांगितली असा माझा दावा नाही. तो मान श्रद्धेनं वणीकडे जातो. सप्तशृंगीच्या समोरच्या मार्कंड्या डोंगरावरून ऋषींनी देवीला माहात्म्य ऐकवलं, अशी तिकडची परंपरा आहे. महाराष्ट्राच्या पश्चिमेला एक मार्कंडेय आणि पूर्वेला एक. दोघांच्या मधे सगळा मराठी मुलूख पसरलेला.

पण मला त्याहून जवळची वाटते ती पोथीची चौकट. ही गोष्ट राजवाड्यात सांगितली जात नाही. राज्य गमावलेला सुरथ राजा घोड्यावर बसून एकटाच रानात येतो. बायकामुलांनी धनासाठी घराबाहेर काढलेला समाधी नावाचा वैश्य त्याला तिथेच भेटतो. ज्यांनी आपल्याला हाकललं त्यांच्यातच आपला जीव अजून का अडकला आहे, हा दोघांचा एकच प्रश्न. तो घेऊन ते मेधा ऋषींच्या आश्रमात जातात आणि उत्तर म्हणून ऋषी त्यांना देवीची कथा सांगतात. एवढी युद्धं, एवढे असुर, एवढा रक्ताचा चिखल, आणि ऐकणारे दोन हरलेले पुरुष झाडाखाली बसलेले. चित्रकारांनी हा आश्रम फार मायेनं काढला आहे. झाडाचं पान न् पान वेगळं, पाण्यावर येणारी जनावरं, गवताची झोपडी. ज्याचं लहानपण रानाच्या कडेला गेलं आहे तो या चित्रापाशी सहज रेंगाळेल.

आता थोडं रंगाविषयी, कारण ‘जलरंग’ या शब्दानं घोटाळा होतो. शाळेत आपण शिकतो तो पातळ, पारदर्शक जलरंग. ओल्या कागदावर निळा पसरवायचा आणि पांढरा कागद आतून चमकू द्यायचा. ही रीत इंग्रजांबरोबर आली. या पुस्तकातल्या चित्रांचा जलरंग दाट आहे, पांढऱ्याच्या आधारानं उभा राहणारा आहे, थरावर थर चढणारा आहे. आधी कागद. खळीनं एकावर एक चिकटवून केलेल्या जाड कागदाला ‘वसली’ म्हणतात. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. आपल्याकडे दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा शतकानुशतकं चालला. कागदावर बारीक रेषेत आराखडा, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, मग पुन्हा रेष, मग एकेक रंग. मधेमधे चित्र गुळगुळीत दगडावर पालथं घालून पाठीमागून अकीकाच्या दगडानं घोटायचं. त्या घोटण्यानं रंगाचे कण एकमेकांत दबून बसतात आणि पृष्ठभागाला शंखाच्या आतल्या अंगासारखी झळाळी येते. अशा तऱ्हेनं अनेकदा. ही झळाळी छपाईत उतरत नाही. या पुस्तकातही ती उतरलेली नाही, हे वाचकानं लक्षात ठेवावं आणि संधी मिळेल तेव्हा मूळ चित्र संग्रहालयात जाऊन, बाजूनं प्रकाश येईल अशा जागी उभं राहून पाहावं.

रंग धरून ठेवतो तो डिंक. चित्रकार बहुधा बाभळीचा घेत. आम्ही शाळेत धावड्याचा घेतला, कारण तो हाताशी होता. इथे तो बाळंतिणीच्या लाडवात जातो. काळा काजळीचा. आमच्या पोरांनी मात्र हिरडा भिजवून त्यात गंजके खिळे टाकून काळा केला आणि तो आजतागायत टिकून आहे. गेरू, पांढरी माती ही तर अंगणातली. सगळे रंग रानातले होते असं मात्र कुणी समजू नये. हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ सोमलाचा, लाजवर्दी निळा थेट बदख्शानच्या खाणीतला. ते बाजारातून येत आणि महाग पडत. आणि रानातलं सगळंच टिकतं असंही नाही. पळसाच्या फुलांचा नारिंगी आम्ही मोठ्या हौसेनं काढला. होळीला काढलेली ती चित्रं दिवाळीपर्यंत भिंतीवरच फिकी पडली. पारंपरिक चित्रकारानं पळस का घेतला नाही, हे तेव्हा पोरांना न सांगता समजलं.

एक रंग तर रंग नव्हेच. साधारण 1660-70 च्या सुमाराची बसोहलीची एक देवी-चित्रमालिका आहे. तिच्यातली पानं आता जगभरच्या संग्रहांत विखुरली आहेत. प्रत्येक पानावर देवीचं एक रूप, पाठीमागे तिच्या ध्यानाचा संस्कृत श्लोक. जमीन सपाट, कधी पिवळीजर्द, कधी गडद. देवीचे डोळे मोठे, कानाकडे ओढलेले. तिच्या दागिन्यांत जे पाचू चमकतात ते रंगवलेले नाहीत. हिरव्या चमकदार भुंग्याच्या पाठीच्या कवचाचे बारीक तुकडे कापून ते कागदावर चिकटवले आहेत. चित्र हातात धरून जरा हलवलं की पाचू पेटतो. पावसाळ्यात आमच्याकडची पोरं जे सोनपाखरू काडेपेटीत ठेवून त्याला बाभळीचा पाला भरवतात, त्याच्या पाठीचा हिरवा आठवा. साडेतीनशे वर्षांपूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी एका चित्रकाराला त्या हिरव्यात देवीचा पाचू दिसला. शिक्षक म्हणून सांगतो, हे दाखवल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती दुसऱ्या कशानं पसरत नाही.

पोथीतल्या तीन चरित्रांच्या तीन देवता: पहिल्याची महाकाली, मधल्याची महालक्ष्मी, शेवटच्याची महासरस्वती. वणीची अठरा हातांची, 2022 पर्यंत शेंदरानं माखलेली सप्तशृंगी पाहिली की मधल्या चरित्राच्या ध्यानातली पोवळ्याच्या रंगाची अठराभुजा ओळखू येते. पण मला थांबायचं आहे पहिलीपाशी. तिचं ध्यान चित्रकाराची परीक्षा घेणारं आहे. दहा तोंडं, प्रत्येकाला तीन डोळे, दहा हात, दहा पाय आणि नीलमण्यासारखी कांती. दहा हातांचं काही वाटत नाही, आपल्या डोळ्यांना ते सवयीचे आहेत. दहा तोंडंही रावणामुळे ओळखीची. दहा पायांचं काय करायचं? बोटभर ब्रश आणि वीतभर कागद घेऊन बसलेल्या माणसानं दहा पाय एकाच शरीराला कसे लावायचे, की ती देवी वाटेल, कोळी वाटणार नाही? चित्रकारांनी शोधलेलं उत्तर असं: मधली दोन पावलं समोर स्थिर ठेवायची आणि बाकीची दोन्ही बाजूंना पंख्यासारखी उलगडायची, तशीच तोंडं एका ओळीत पसरायची. शरीराला खोली द्यायची नाही. सगळं पानाच्या सपाटीवर आणायचं.

हेच उत्तर दगडात पाहायचं असेल तर चंद्रपुरात लालपेठेला जावं. तिथे उघड्यावर अखंड दगडांच्या प्रचंड मूर्ती पडून आहेत, काही अर्ध्याच कोरलेल्या. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याला मोठं देऊळ उभारायचं होतं आणि ते त्याच्या मरणानं राहिलं, अशी हकीकत गावात सांगतात. त्यातला सगळ्यात मोठा दगड दहा तोंडांचा. बरेच लोक त्याला रावण समजत आले. पण ती देवी आहे, दहा तोंडांची आणि दहा पायांची, सप्तशतीच्या पहिल्या चरित्रातली महाकाली. मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते मुलांची सहल घेऊन गेलो तेव्हा. जवळ गेलं की लक्षात येतं, की हा दगड असूनही मूर्तिकारानं तो कागदासारखा वापरला आहे. एक सपाट पाट, त्यावर उथळ उठाव आणि सगळं बोलणं रेषेचं. पानाच्या सपाटीवर दहा पाय पसरणारा चित्रकार आणि पाटाच्या सपाटीवर ते कोरणारा पाथरवट एकमेकांना कधी भेटले नसतील. दोघांपुढे श्लोक मात्र एकच होता.

गावाची महाकाली वेगळी, तिचं देऊळ झरपट नदीच्या काठी. आजचं रूप त्याला गोंड राणी हिराईच्या काळात, अठराव्या शतकाच्या आरंभी मिळालं. नवरा बिरशहा मारला गेल्यावर या राणीनं चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, कारभार सांभाळला. त्याची समाधी बांधणारीही तीच. चैत्रात यात्रा भरते तेव्हा नांदेडकडून, तेलंगणातून माणसं लोटतात. देवळात देवी दोन रूपांत आहे. एक उभी, वस्त्रांनी नटलेली. दुसरी खाली भुयारात, निजलेली. त्या निजलेल्या देवीपाशी वाकून गेलं की मला दर वेळी पोथीचा पहिला अध्याय आठवतो. त्यात देवी लढत नाही. ती योगनिद्रा आहे, शेषावर पडलेल्या विष्णूच्या पापण्यांवर बसलेली झोप. मधु-कैटभ अंगावर येतात, घाबरलेला ब्रह्मदेव विष्णूला हाक न मारता त्या झोपेलाच विनवतो, आणि ती डोळ्यांतून उठून बाजूला होते तेव्हा कुठे विष्णू जागा होतो. झोप कशी रंगवायची? 1781 ची गुलेरची जी देवीमाहात्म्य-मालिका लाहोरच्या संग्रहालयात आहे, ती आणि तिच्या आसपासची पहाडी चित्रं या प्रसंगात पाणी इतकं शांत ठेवतात, की त्या शांततेतच झोप आहे. बसोहलीचा भडक पिवळा जाऊन तिथे मवाळ करडा-हिरवा आला, चेहऱ्यांना गोलाई आली. शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच डोंगरातली देवी उग्र होती ती सुकुमार झाली. मला स्वतःला जुनी बसोहलीची देवी जवळची वाटते. तिच्या डोळ्यांत पाहणाऱ्याची पर्वा नाही.

आणि वाघ. पोथीत देवीचं वाहन सिंह आहे, हिमालयानं दिलेला. पण चित्रकारांनी कित्येकदा त्याचा वाघ केला आहे. कधी सिंहाच्या अंगावर पट्टे, कधी वाघाला आयाळ. ज्यानं जे पाहिलं होतं ते त्याच्या हातून उतरलं. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या वेशींवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, हत्तीला दाबून धरणारा सिंह. तो दगडाचा सिंह पाहत आम्ही मोठे झालो आणि खरा पाहिला तो वाघ. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत वाघ हे कुणाचं वाहन नसतं. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुलं वेचायला वाकलेली बाई मागून झालेल्या झेपेत जाते, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेलं माणूस घरी येत नाही. मी शिकवलेल्या मुलांच्या घरांत हे घडलेलं आहे. म्हणून गुलेरच्या चित्रातली देवी शांत चेहऱ्यानं वाघावर बसून बाण सोडताना दिसते, तेव्हा दूरच्या रसिकाला जी निव्वळ शोभा वाटेल ती इथल्या माणसाला तशी वाटत नाही. इथे तो मागण्याचा विषय आहे. वाघाच्या पाठीवर कुणीतरी आहे, हे पाहायला मिळावं. रानाच्या वाटेवर वाघोबाच्या ठाण्याशी नारळ फोडून पुढे जाणारा माणूस हेच मागत असतो.

रक्तबीजाच्या प्रसंगाविषयी चित्रकारांच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की दुसरा रक्तबीज उभा राहतो. कवीला हे एका श्लोकात सांगता येतं, चित्रकाराला तो प्रत्येक रक्तबीज काढावा लागतो. तोच चेहरा, तेच शस्त्र, पुन्हा पुन्हा, पान भरेपर्यंत. त्या पुनरावृत्तीतच भय आहे. मग चामुंडा आपली जीभ रणभूमीवर पसरते आणि एकही थेंब मातीला लागू देत नाही. लाल रंग महाग असायचा आणि इथे तो सगळ्यात जास्त लागतो. चांगल्या चित्रकारानं तो उधळलेला नाही. थेंबाला कडा ठेवली आहे, प्रत्येक थेंब मोजता येतो.

पण पोथीतलं मला सर्वांत प्रिय ते अकराव्या अध्यायातलं देवीचं वचन. पुढे कधी शंभर वर्षं पाऊस पडणार नाही, तेव्हा मी माझ्याच देहातून उगवलेल्या भाज्यांनी जगाला पोसेन, तेव्हा मला शाकंभरी म्हणतील. पौषात शाकंभरीचं नवरात्र मराठी घरांत बसतं, भाज्यांचा नैवेद्य होतो. जंगलाच्या जिल्ह्यात हे वचन श्लोकापुरतं राहत नाही. धान गेलं त्या वर्षी काय शिजवायचं ते इथल्या बायांना ठाऊक असतं. कुड्याची फुलं, तरोटा, बांबूचे कोंब, जमिनीखालचे कंद. देवीच्या अंगातून पानं फुटताहेत असं चित्र काढायचं म्हटलं तर रंगपेटी कुठली घ्यायची, हे त्या बायांना विचारावं. त्याच अध्यायात पुढे भ्रामरी आहे, असंख्य भुंग्यांचं रूप घेऊन अरुणासुराला मारणारी. आग्या मोहोळ उठलेलं ज्यानं पाहिलं आहे त्याला ते रूप समजावून सांगावं लागत नाही.

मराठी मुलखातल्या कागदावरच्या देवीचा उल्लेख इथे करायलाच हवा, जरी तो पुस्तकाचा मुख्य विषय नसला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक पान उभं धरून कथा सांगतात आणि सुरुवात गणपती-सरस्वतीच्या पानानं होते. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वळणाच्या, पैठणच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रांचा मोठा संच पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहे. श्रावणात भिंतीवर चिकटवायचा जिवतीचा कागद तर घराघरातला. जरा-जिवंतिकेच्या मांडीवरची, भोवतीची पोरं मोजत आपण सगळे वाढलो. आमच्या दक्षिणेला, गोदावरी ओलांडली की तेलंगणात चेरियालचे नक्काशी चित्रकार आहेत. खादीला चिंचोक्याची खळ आणि पांढरी माती देऊन ते लांबच लांब पट रंगवतात, लाल जमिनीवर. त्यातला एक पट पद्मशाली विणकरांपुढे उलगडला जातो, आणि त्याचं नाव मार्कंडेय पुराण. त्यातली कथा विणकरांच्या कुळाची आहे, सप्तशतीची नव्हे. पण मार्कंडेयाचं नाव इथेही पाण्याच्या रंगात भिजून येतंच.

छापील देवीविषयी दोन शब्द. रविवर्म्यानं 1894 मध्ये गिरगावात छापखाना काढला आणि त्याच्या तैलरंगातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. तेव्हापासून आपल्या डोळ्यांतली देवी गोलसर, छाया-प्रकाशात उभी, जरीकाठाच्या लुगड्यातली झाली. यात्रेहून आणलेली चौकटीतली तसबीर आमच्याही घरी होती आणि आई तिच्यापुढेच दिवा लावायची. तिला मी कमी लेखत नाही. एवढंच म्हणतो, की तिच्यामुळे डोळ्यांना खोलीची सवय लागली आणि सपाट चित्र आपल्याला ‘बाळबोध’ वाटू लागलं. ही चित्रं पाहताना ती सवय थोडा वेळ बाजूला ठेवावी लागेल. इथे देवी मोठी दिसते ती जवळ आहे म्हणून नाही, मोठी आहे म्हणून.

आणखी एक गोष्ट, जी टाळून मला पुढे जाता येत नाही. या दोन जिल्ह्यांत रावणाला आपला पूर्वज मानणारी गोंड कुटुंबं आहेत. महिषासुराच्या कथेकडेही काही आदिवासी समाज वेगळ्या नजरेनं पाहतात. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं शेजारी शेजारी बसायची. महिषमर्दिनीचं चित्र दाखवलं तेव्हा एका मुलानं विचारलं, “गुरुजी, ह्या हल्याचं काय चुकलं?” मी त्याला पोथीतलं उत्तर दिलं आणि ते त्याला पुरलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग आम्ही ते चित्र पुन्हा पाहिलं, रेड्याकडे पाहत. चित्रकारानं त्याला भव्य केलं होतं. पाठीचा बाक, कापल्या मानेतून बाहेर येणारा माणूस, त्याची वर वळलेली नजर, यात हलकेपणा कुठेच नव्हता. तो मुलगा त्या रेड्यापाशी बराच वेळ थांबला. पुस्तक वाचणाऱ्यानं आपापल्या जागेवरून पाहावं. चित्रात तेवढी जागा आहे. गावाच्या कडेला कडुनिंबाखाली बसलेल्या मातामायला तर चेहराच नसतो. शेंदराचा गोळा, दोन डोळे, कधी तेही नाहीत. तिच्यापुढे सगळ्या घरांची माणसं येतात.

लालपेठेच्या त्या सहलीनंतर मी मुलांना दहा पायांची महाकाली काढायला सांगितली. सातवीतल्या एका मुलीनं ती कार्डशीटवर काढली. काळा हिरड्याचा, अंग निळीच्या पुडीतल्या निळ्याचं, दागिने पिवळ्या मातीचे. तोंडं तिनं नऊच काढली होती. दहावं मागच्या बाजूला आहे, म्हणाली. शेवटी लाखेची वाटी तिच्याकडे आली आणि तिनं बारीक ब्रशानं एकेक तळपाय भरायला घेतला. सात पावलं झाली आणि वाटीतला ओला रंग संपला, उरला तो तळाशी सुकत गेला. दुसऱ्या आठवड्यात धानाची कापणी सुरू झाली. ती आईबरोबर शेतावर गेली आणि त्या वर्षी शाळेत परतली नाही. चित्र माझ्याकडे राहिलं, वाटीही.

डिंकात कालवलेल्या रंगाचा एक गुण असा, की तो वाळून वर्षानुवर्षं पडला तरी मरत नाही. ही प्रस्तावना लिहिताना मी ती वाटी काढली. तळाला काळपट, तडकलेली पापडी होती. दोन थेंब पाणी सोडलं आणि बोटानं हलकेच चोळलं. लाली उठली. चित्र समोरच आहे. सात पावलं लाल आहेत, तीन कोरी. ती मी भरलेली नाहीत. ते काम तिचं आहे.